पडीत जमीन कोणाची?

शेतात जे तेल पिकते ते माणसाच्या ताटासाठी की यंत्राच्या पोटासाठी, हा प्रश्न अलीकडे आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून विचारला जाऊ लागला आहे. तो विचारणारे लोक पंडित नाहीत. ते कोरडवाहू शेती करणारे, शेळ्या राखणारे व मजुरीवर जगणारे आपलेच बंधू आहेत. एखादा मनुष्य हातात कागद घेऊन गावात येतो आणि सांगतो की, तुमच्या ज्या जमिनीत काही उगवत नाही तेथे अमुक झाड लावा, त्याच्या बियांच्या तेलावर गाड्या व विमाने चालतील आणि तुमचे दारिद्र्य फिटेल. तो निघून गेल्यावर ह्यांच्या मनात विचार सुरू होतात. एका उपदेशकांनी हा प्रश्न मला अगदी नेमक्या शब्दांत विचारला: "पाळकसाहेब, जगात इतके लोक उपाशी असताना जाळण्यासाठी तेलाचे पीक घेणे हे पाप होय काय?" ह्यास एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ आहेत, कोणी होय म्हणतात, कोणी नाही म्हणतात. माझ्या मते दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

विचारास आधार म्हणून एक खरे उदाहरण घेऊ, आणि ते मुद्दाम दूरचे घेऊ. कारण आपल्या गावच्या गोष्टीत मन लवकर तापते. उत्तर अमेरिकेत कॅनडाच्या सीमेला लागून मॉन्टाना नावाचे राज्य आहे. त्याच्या पूर्वेकडील विस्तीर्ण मैदानात वर्षाकाठी दहा ते पंधरा इंच पाऊस पडतो, म्हणजे आपल्या माण-आटपाडीच्या दुष्काळी मुलखाहूनही कमी. हिवाळ्यात तेथे पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो, आणि थंडी सरली असे वाटल्यावरही एखाद्या रात्री हिम पडून कोवळी रोपे करपून जातात. अशा ठिकाणी गहू हेच मुख्य पीक. परंतु दरवर्षी गहू घेण्याइतकी ओल जमिनीत नसते, म्हणून पुष्कळ शेतकरी एक वर्ष गहू व एक वर्ष पड अशी पाळी ठेवीत आले. पडीच्या वर्षी शेत मोकळे ठेवायचे, तण उगवू द्यायचे नाही आणि जी ओल मुरेल ती पुढच्या गव्हासाठी राखायची. ह्या रीतीत दोष आहेत. उघडी माती वाऱ्याने उडून जाते. आणि जी ओल मुळांच्या खाली निसटते ती भूमीतील क्षार विरघळवून उताराच्या खालच्या शेतात वर येते व त्या शेताची चोपण करून टाकते. तेव्हा पडीच्या वर्षी थोड्या ओलीत, थोड्या दिवसांत येणारे व थंडीस न भिणारे एखादे पीक घेता येईल काय, ह्याचा तेथील कृषिशास्त्रज्ञांनी शोध आरंभिला, व त्यांची दृष्टी कॅमेलिना नावाच्या वनस्पतीवर गेली.

कॅमेलिना ही मोहरीच्या कुळातील होय. फुले फिकट पिवळी, बी मोहरीहूनही बारीक. हजार बियांचे वजन ग्रॅम-सव्वा ग्रॅम भरावे. पेरल्यापासून सुमारे ८५ ते १०० दिवसांत ती काढणीस येते, तिची रोपे हिमाचा कडाका सोसतात, आणि तिच्या बियांत शेकडा ३० ते ४० इतके तेल असते. युरोपात कांस्ययुगापासून ती पेरीत होती. लोक तिचे तेल खात व दिव्यातही जाळीत. पुढे इतर तेलबियांपुढे ती मागे पडली व जवसाच्या शेतातील तण म्हणून उरली.

ह्या तणाची एक कथा सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जवस खळ्यावर उफणताना वारा हलके बी दूर नेतो व जड बी जवळ पाडतो. कॅमेलिनाचे बी जवसाहून हलके. त्यामुळे ते दूर पडून बहुतेक वाया जाई. परंतु त्यातले जे थोडे बी जवसाइतक्याच अंतरावर पडे ते जवसाच्या राशीत मिसळे, आणि पुढच्या वर्षी शेतकरी स्वहस्ते ते पुन्हा पेरी. अशा शेकडो पिढ्या गेल्या आणि जवसाच्या रानात अशी एक कॅमेलिना तयार झाली की, जिचे बी वाऱ्यावर जवसाप्रमाणेच पडते आणि जिचा बांधाही जवसासारखा सडपातळ. कोणी तिला मुद्दाम निवडले नव्हते. प्रत्येक उफणणीत, नकळत, निवड होत गेली. तणे अशा रीतीने पिकाचे सोंग घेतात, आणि कित्येकदा पुढे स्वतःच पीक होऊन बसतात, हे निकोलाय वाविलोव्ह ह्या रशियन विद्वानाने दाखविले. त्याने जगभरच्या अन्नधान्यांची बियाणी जमविली, आणि तोच १९४३ साली सारातोव्ह येथील तुरुंगात मरण पावला. प्रभूने सांगितलेल्या दृष्टांतातील निदण म्हणजे गव्हासारखे दिसणारे निराळे गवत होते, कॅमेलिना नव्हे. तरी ते उपटू द्या म्हणणाऱ्या चाकरांना धन्याने थांबविले, ही गोष्ट ज्याने खळ्यावर काम केले आहे त्याला अधिक चांगली समजेल.

आता जे काम चालले आहे ते नकळत नाही, जाणून-बुजून चाललेले आहे. मिनेसोटा राज्यात मॉरिस येथील सरकारी संशोधनशाळेत व तेथील विद्यापीठात हिवाळी कॅमेलिनावर अनेक वर्षे प्रयोग झाले. सप्टेंबरात गहू निघाल्यावर ती पेरावी, तिने बर्फाखाली हिवाळा काढावा, थंडी ओसरताच फुलावे, आणि जून-जुलैत काढून घ्यावी. म्हणजे त्याच शेतात पाठोपाठ किंवा तिच्याच ओळींमधून सोयाबीनही निघते. इतर काही फुललेले नसते अशा दिवसांत तिच्या फुलांवर मधमाश्या येतात, हा लाभ कोणी मागितला नव्हता. २०१४ साली कॅनडातील शास्त्रज्ञांनी तिच्या सुमारे ८९ हजार जनुकांची मांडणी प्रसिद्ध केली. पेनीक्रेस नावाच्या दुसऱ्या एका तणावरही असेच काम चालू आहे. पिकल्यावर त्याचे बी शेतातच गळून जाते, ती खोड मोडणे हा त्यातला मोठा भाग आहे. आपल्या देशात हल्दवानी येथील संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने उत्तराखंडात कॅमेलिना लावून पाहिली आहे.

आणि हे तेल खरोखरच आकाशात गेले आहे. ३० जानेवारी २००९ रोजी जपानमधील हानेदा येथून एका प्रवासी कंपनीचे विमान उडाले. त्याच्या चारांपैकी एका यंत्रात मिश्र इंधन होते, व त्यातील वनस्पतिजन्य भागात कॅमेलिनाचेच तेल अधिक होते. २२ एप्रिल २०१० रोजी अमेरिकेच्या आरमाराने मेरीलँड राज्यात एक लढाऊ विमान उडविले. त्याचे निम्मे इंधन कॅमेलिनाचे होते. शेतातले तण तोफखान्याच्या कामास लागावे, ह्याने माझे मन काही प्रसन्न होत नाही. पण तो निराळा विषय आहे, आणि गव्हाच्या भाकरी खाऊनही सैन्ये चालतच आली आहेत.

ह्या सर्वाविरुद्ध जो आक्षेप आहे तो हलका नाही. २००७ साली संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्काविषयीचे विशेष प्रतिनिधी जॉं झिग्लर ह्यांनी, अन्न पिकविणारी जमीन इंधनासाठी वळविणे हा मानवजातीविरुद्ध गुन्हा होय असे म्हटले, व पाच वर्षे ते बंद ठेवावे अशी मागणी केली. पुढच्याच वर्षी, २००८ साली, धान्याचे भाव भडकले व हैतीसारख्या गरीब देशात लोक अन्नासाठी रस्त्यावर आले. भाव भडकण्याची कारणे एकाहून अधिक होती, परंतु त्यांपैकी इंधन हे एक होते. अमेरिकेत पिकणाऱ्या मक्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग मद्यार्क होण्यासाठी जातो. त्याचा चोथा जनावरांना मिळतो हे खरे, तरी मुख्य अंश जळतोच. आपण भारतीय लोक तर खाण्याच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून आणतो. ज्या घरात आठवड्याचे तेल शिशीने मोजून आणतात, त्या घरातल्या बाईला तेल जाळण्याची गोष्ट रुचणार नाही, आणि तिचे न रुचणे हेही एक प्रमाण आहे.

तरीसुद्धा जाळणे म्हणजेच पाप, असे पवित्र शास्त्र शिकवीत नाही. निवासमंडपातील दीपासाठी इस्राएल लोकांनी कुटून काढलेले निर्मळ जैतुनाचे तेल आणावे अशी आज्ञा होती. ते खाण्याचेच तेल होते, आणि अरण्यात ते काही विपुल नव्हते. अलीशा संदेष्ट्याच्या काळी ज्या विधवेचे भांडे तेलाने भरत गेले, तिला त्याने ते विकून कर्ज फेडण्यास व उरलेल्यावर मुलांसह निर्वाह करण्यास सांगितले. विकत घेणाऱ्यांनी ते खाल्ले की दिव्यात घातले, शास्त्र विचारीत नाही. आपल्याकडेही करंजाचे तेल दिव्यातच जात असे. शिवाय आपण विसरतो की शेतकऱ्याने आपल्या यंत्राला शेतातूनच खाऊ घातले आहे. बैल म्हणजे काय? जोंधळ्याचे कणीस माणसाचे, कडबा बैलाचा. आणि दुष्काळात त्या कडब्यासाठीच शेतकरी रडला आहे. अमेरिकेत ट्रॅक्टर सर्वत्र येण्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या आरंभी, घोडे व खेचरे ह्यांच्या चाऱ्यादाण्यासाठी सुमारे ९ कोटी एकर जमीन लागे, म्हणजे लागवडीच्या जवळजवळ चौथा भाग. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डीझेल साहेबांच्या पद्धतीचे एक लहान यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालविले होते. खनिज तेल हा मध्यंतरीचा शंभर-सव्वाशे वर्षांचा काळ आहे. त्याआधी माणसाची बरीचशी गती शेतातून व रानातूनच येत होती, आणि त्या खनिज तेलाच्या धुराने ऋतू कसे बिघडले ते वाचकांस सांगावे लागू नये.

परंतु बैल आणि विमान ह्यांत एक भेद आहे, तो मापाचा. थोडा हिशेब करू. मॉन्टानाच्या कोरडवाहू शेतात एकरी साडेचारशे किलो कॅमेलिना आली तर तेथील शेतकरी तिला बरी म्हणेल. तिच्यातून निघणारे तेल दीडशे किलोच्या आतबाहेर. चार यंत्रांचे मोठे प्रवासी विमान एका तासात दहा हजार किलोंच्या आसपास इंधन पिते. म्हणजे तासाभराच्या उड्डाणात पासष्ट-सत्तर एकरांचे वर्षाचे पीक संपले. २०१९ साली जगातील विमानांनी सुमारे ३० कोटी टन इंधन जाळले. ते सगळे ह्याच पिकातून काढायचे म्हटले तर २०० कोटी एकर लागतील, आणि जगातील एकंदर लागवडीची जमीन त्याच्या दुपटीहून कमी आहे. बैलाच्या भुकेला पोटाची मर्यादा असते. तो बसतो, रवंथ करतो व पुरे म्हणतो. विमानाच्या भुकेला तिकीट काढणाऱ्याच्या पैशाखेरीज मर्यादा नाही. तेव्हा पिकाने काही गरज भागेल, सगळी हौस भागणार नाही, आणि जो मनुष्य हे न सांगता बियाणे विकतो तो अर्धे सांगतो. त्या विमानात बसणारांत आपल्या मंडळ्यांपैकी किती जण असतात, हेही मनात आणावे.

मग मॉन्टानातील शेतकऱ्याचे करणे योग्य की अयोग्य? येथे मला मोशेच्या नियमशास्त्रातील एका विधीचा आधार वाटतो. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सांगितले आहे की, सहा वर्षे भूमी पेरावी व सातव्या वर्षी ती पडीत ठेवावी. का, तर लोकांतील दरिद्री तेथे खावेत व त्यांचे उरेल ते वनपशूंनी खावे. आपण हे वाचताना भूमीच्या विश्रांतीकडे लक्ष देतो आणि दुसरा भाग निसटतो. पडीत जमीन देवाच्या दृष्टीने रिकामी नाही. तीवर कोणाचे तरी ताट मांडलेले आहे, आणि ज्याचे मांडलेले आहे त्याच्याजवळ सातबारा नाही. बवाजाच्या शेतात रूथेसाठी मूठमूठ कणसे मुद्दाम टाकली गेली, तीही ह्याच न्यायाने. पीक कोणते, हा प्रश्न म्हणून मी दुसरा समजतो; तेथे आधी कोण जेवत होते, हा पहिला.

ह्या कसोटीने पाहिले तर मॉन्टानातील पडीचे वर्ष बरेचसे निर्दोष ठरते. त्या शेतातून त्या वर्षी कोणी काही नेत नव्हते. औषधे फवारून तण मारलेले ते रान होते, गरिबाला तेथे वेचण्यास काही नव्हते, आणि पाखरांनाही थोडेच. कॅमेलिनाने माती झाकली, खाली निसटणारी ओल वापरली, चोपण होण्याचे कारण कमी झाले. तेल काढल्यावर पेंड उरते. २००९ साली तेथील सरकारने कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात शेकडा १० पर्यंत ती घालण्यास परवानगी दिली. पूर्णपणे फुकट मात्र काहीच नाही. कोरड्या वर्षी कॅमेलिनाने प्यालेली ओल पुढच्या गव्हाला कमी पडते, म्हणजे भाकरीतून थोडा घास जातोच. तो घास किती, हे पावसावर अवलंबून आहे, आणि प्रामाणिक शेतकरी ते वर्षावर्षाने पाहूनच ठरवील.

बरेचसे निर्दोष म्हटले, सर्वस्वी म्हटले नाही, ह्याचे आणखी एक कारण आहे. ती मैदाने रिकामी कशी झाली? तेथे ब्लॅकफीट वगैरे मूळचे लोक गव्यांच्या प्रचंड कळपांवर जगत. गोऱ्या शिकाऱ्यांनी कातड्यांसाठी ते कळप मारून टाकले. १८८३ पर्यंत गवे जवळजवळ नाहीसे झाले, आणि १८८३–८४ च्या हिवाळ्यात ब्लॅकफीटांपैकी सुमारे सहाशे माणसे उपासमारीने मेली. त्यानंतर ती भूमी ओसाड आहे, कोणीही यावे व वसावे, असे रेल्वे कंपन्यांनी छापून जगभर पसरविले. त्या छापील पत्रकांवर विश्वास ठेवून आलेल्या हजारो गरीब गोऱ्या कुटुंबांचे पुढे काय झाले? १९१७ पासून अवर्षणाची वर्षे लागली, तेव्हा शेते टाकून, कर्जे मागे ठेवून ती निघून गेली. ओसाड हा शब्द बहुधा तोच मनुष्य वापरतो ज्याला ती जमीन हवी असते.

अहाबाने नाबोथाजवळ मळा मागितला तो कशासाठी, हे वाचकांस आठवत असेल. त्याला तेथे भाजीपाला लावायचा होता. मदिरेसाठी नव्हे, घोड्यांच्या पागेसाठी नव्हे, भाजीपाल्यासाठी! त्याहून निरुपद्रवी पीक ते कोणते? शिवाय तो चांगला मोबदलाही देऊ करीत होता. पाप भाजीत नव्हते. ज्याचे वाडवडिलांचे वतन होते त्याने नाही म्हटल्यावर ते घेण्यात होते. म्हणून अन्नाचे पीक पापाने पेरले जाऊ शकते आणि इंधनाचे पीक निर्मळ हाताने. हे ज्याला मान्य नाही त्याने राजांच्या पहिल्या पुस्तकातील एकविसावा अध्याय पुन्हा वाचावा.

आता आपल्या देशात येऊ. येथे कॅमेलिनाच्या जागी मोगली एरंड आला. २००३ साली योजना आयोगाच्या समितीने सुचविले की ही झुडपे पडीत जमिनींवर लावून २०११–१२ पर्यंत देशातील डीझेलमध्ये शेकडा २० वनस्पतिजन्य तेल मिसळावे. झाडास पाणी लागत नाही, शेळी तोंड लावीत नाही, बी अखाद्य आहे म्हणून अन्नाशी वैर नाही, असा त्याचा महिमा गाण्यात आला. ठरल्या वर्षी ठरल्याच्या जवळपासही काही झाले नाही. झुडूप कोरड्या रानात जगते, हे खरे. पण जगणे निराळे व फळणे निराळे. पाणी व खत न देता बी फार थोडे येते, आणि ती मुळात रानटी जात, तिची निवड करून सुधारलेले वाण हाती नसतानाच ती लाखो एकरांवर लावा म्हणून सांगितले गेले. मॉन्टानाच्या व मिनेसोटाच्या शास्त्रज्ञांनी जे काम वर्षानुवर्षे चिकाटीने केले, ते येथे घोषणेच्या नंतर करू असे ठरले. २७ ऑगस्ट २०१८ रोजी देहरादूनहून दिल्लीस एक विमान गेले; त्याच्या इंधनात छत्तीसगडातील शेतकऱ्यांनी पिकविलेल्या मोगली एरंडाच्या बियांपासून केलेले इंधन शेकडा २५ पर्यंत होते. विद्वानांचे ते कौशल्य खरे आहे, मी त्यास मान देतो. परंतु एका उड्डाणाच्या वार्तेवर ज्याने आपली गवताची पट्टी मोडली, त्याचे तेलही गेले, तूपही गेले.

आणि शेळी तोंड लावीत नाही, हा ज्यांना गुण वाटला त्यांनी शेळी कोणाची हे विचारले नाही. आपल्या गावांत सरकारी कागदावर जिला पडीत म्हणतात ती बहुधा गायरान असते, माळ असतो, टेकडीचा उतार असतो. तेथे विधवेच्या दोन शेळ्या चरतात, तेथून सरपण येते, गोवऱ्या येतात, पावसाळ्यात रानभाजी येते. तीन दगडांच्या चुलीत ते सरपण जळते; म्हणजे इंधन तेथे आधीपासूनच पिकत होते, फक्त त्याची पावती कोणी फाडीत नव्हते. शिवाय मराठवाड्यात व अन्यत्र कित्येक गायरानांवर भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसून खात आली आहेत. त्यांच्या हक्कासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड ह्यांनी १९५९ साली व पुन्हा १९६४ साली सत्याग्रह केले आणि हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. आपल्या मंडळ्यांतील अनेक घराण्यांचे आप्त त्यांत होते. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील एका खटल्यात निकाल देताना, गावाच्या सामाईक जमिनी खासगी लाभासाठी बळकावू देऊ नयेत व अशी अतिक्रमणे काढून टाकावीत असे सर्व राज्यांना बजावले. त्या निकालात भूमिहीनांना व अनुसूचित जातींना दिलेल्या जमिनींसाठी अपवादास वाव ठेवला आहे, हे मात्र काही अधिकारी वाचून दाखवीत नाहीत.

म्हणून तेच तेल, तेच यंत्र, तोच धूर. परंतु मॉन्टानातील गव्हाच्या पडीवर जे बहुतांशी योग्य, ते आपल्या गायरानावर अन्याय होऊ शकते. उलट, आपल्या स्वतःच्या शेताच्या बांधावर किंवा ज्या हंगामात रान मोकळेच राहते त्या हंगामात कोणी तेलबी घेतली, तर तो खायला विको की जाळायला विको, मी त्यास दोष देणार नाही. आपले लोक जोंधळ्याच्या शेताभोवती करडईच्या ओळी पेरीत. काटे गुरांना अडवीत, पाने कोवळेपणी भाजीस येत, आणि बी घाण्यावर जाई. एका ओळीत कुंपण, कोरड्यास व तेल! करडईही कोरड्या मुलखातली व थंडी सोसणारी आहे, तिचे मूळ खोल जाते, आणि मॉन्टानातही ती पिकते. तिच्या वाणांवर आपल्याकडे सोलापुरात पुष्कळ काम झाले आहे. नवे पीक बाहेरून आणणारास हे विचारावेसे वाटत नाही, कारण जुन्या पिकाचे बियाणे शेतकऱ्याच्या घरातच असते.

राहिला तोटा कोणाच्या अंगावर पडतो हा प्रश्न. मॉन्टानात २००९ साली कॅमेलिना सुमारे २० हजार एकरांवर होती. पुढच्याच वर्षी ती जवळजवळ निम्म्यावर आली, कारण गव्हाला भाव चांगला आणि कॅमेलिनाचा ग्राहक अनिश्चित. तेथील शेतकऱ्याने खांदे उडविले व पुन्हा गहू पेरला. त्याच्याजवळ हजारो एकर, विमा व कोठार होते. आपल्या दोन एकरवाल्याने एक वर्ष चुकीचे पीक घेतले तर पुढच्या वर्षी तो ऊसतोडीला जातो व त्याची मुले शाळेतून निघतात. ज्याचे नुकसान झाल्यास फक्त आकडा बदलतो आणि ज्याचे नुकसान झाल्यास चूल विझते, ह्या दोघांना एकच कागद सहीसाठी पुढे करणे मला न्यायाचे दिसत नाही. योसेफाने मिसरात सात वर्षांच्या सुकाळात धान्य साठविले ते फारोच्या कोठारात. दुष्काळाचा पहिला धक्का कोठाराने घेतला. नवे पीक आणणाऱ्या सरकारने किंवा कंपनीने तसेच करावे: पहिली दोन-तीन वर्षे बियाण्याची व पडलेल्या पिकाची भरपाई आपल्या पेटीतून करावी, मग शेतकऱ्यास बोलवावे.

उपदेशक बंधूंना प्रत्यक्ष काय करावे असे वाटत असेल. असा कागद गावात आला की तो आधी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांनी तो पुन्हा वाचावयास सांगितला तर कंटाळू नये. भाव कोणत्या दिवशी व कोणत्या ठिकाणी मिळणार, माल नाकारला तर काय, पेंड गावात राहणार की तेलाबरोबर जाणार, हे त्यात लिहिलेले नसेल तर लिहून मागावे. जमीन सामाईक असेल तर तीवर कोणाची किती जनावरे चरतात व कोण कसते ते नावनिशीवार मोजून वहीत टिपावे. अशी वही पुढे तलाठ्यापुढेही उपयोगी पडते. आणि ग्रामसभेची तारीख ठरली म्हणजे शेळ्या राखणाऱ्या बाया त्या दिवशी रानात नसतील, सभेत असतील, आणि त्यांच्या शेळ्या त्या दिवसापुरत्या दुसरे कोणी सांभाळील, एवढी व्यवस्था आधी करून ठेवावी.